बारशाआधीचा लघुग्रह

सेकंड इयर बीएस्सीला असताना साताऱ्यात गोडोलीतल्या खोलीवर आम्ही तिघी रात्रीची जेवणं उरकून लघुग्रह शोधायला लॅपटॉप उघडायचो. दुर्बीण नव्हती, लागतही नव्हती. हवाई बेटांवरच्या हालेआकाला डोंगरावर पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाची १.८ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिने टिपलेली चित्रं आयएएससी ही संस्था विद्यार्थ्यांच्या टीमना फुकट देते. ती तपासायचं ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, म्हणून टीममध्ये तसा एक तरी लॅपटॉप हवा.

एका संचात चार चित्रं असतात, एकाच रात्री काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली. ती एकामागून एक फिरवायची. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रह सरकतो. पहिल्या आठवड्यात मला मात्र प्रत्येक डाग सरकताना दिसायचा. एक तर मी मोठ्या आनंदाने नोंदवलाही, आणि तो कॅमेऱ्यातला खराब पिक्सेल निघाला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून ठिपका दिसला की मी आधी त्याच्यावर संशय घेते. चारही चित्रांत आहे का? सरळ रेषेत जातोय का, आणि वेळेच्या हिशोबात अंतर बसतंय का? तेज चारही वेळा साधारण तेवढंच आहे का? शेजारच्या ताऱ्यांसारखा गोल दिसतोय का? सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे ठिपका पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा किती पट ठळक आहे ते, ५ च्या खाली असेल तर मी तो सोडून देते. आणि सगळ्यात आधी ज्ञात लघुग्रहांच्या खुणा चित्रावर उमटवून घ्या, नाहीतर आधीच सापडलेल्यावर रात्र जाते.

आमची एक नोंद टिकली. गावात लगेच 'पोरींनी लघुग्रह शोधला' असं झालं आणि मेढ्याहून आजीचा फोन आला, "नाव काय ठेवलं गं?"

नवीन मुलांना मला हेच नीट सांगायचंय. हाती येणारं पहिलं प्रमाणपत्र प्राथमिक नोंदीचं असतं. तोच ठिपका पुन्हा दिसावा लागतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला सूर्याभोवती फिरायला साधारण ३ ते ६ वर्षं लागतात, आणि तो पृथ्वीसमोर नीट येतो सव्वा ते दीड वर्षाने. अशा अनेक फेऱ्यांतली निरीक्षणं जुळली, कक्षा पक्की झाली, की लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर कायमचा क्रमांक देतं. तोवर असतं ते तात्पुरतं नामाभिधान.

हे नामाभिधान वाचायला शिका, मजा येते. '२००६ व्हीपी३२' घ्या. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. वर्षाच्या २४ पंधरवड्यांना एकेक अक्षर, त्यातून 'आय' गाळलेलं. पुढचं 'पी' हे 'आय' सोडून पंधरावं अक्षर, आणि ३२ म्हणजे २५ अक्षरांची यादी ३२ वेळा संपून गेली. म्हणजे त्या पंधरवड्यातली ही ८१५ वी नोंद! पुढे तिला ३००१२८ हा क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये पंडित जसराजांचं नाव. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. ही तारीख वर्ष, महिना, दिवस अशी उलट लावून पाहा: ३०-०१-२८. मला अजून ते वाचलं की अंगावर काटा येतो.

क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवण्याचा हक्क शोधकर्त्याकडे १० वर्षं असतो. मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांपर्यंत आणि उच्चारता येण्याजोगं असावं. राजकारणी किंवा सेनानी असेल तर निधनाला १०० वर्षं झालेली हवीत. कंपनीची जाहिरात चालत नाही. पाळीव प्राण्यांची नावंही समितीला आवडत नाहीत.

म्हणून नोंदवलेल्या अहवालाची प्रत, तारीख आणि टीममधल्या सगळ्यांची नावं जपून ठेवा. कॉलेज सुटतं, ईमेल बदलतात, आणि उत्तर कित्येक वर्षांनी येतं.

आजीला मी म्हटलं, बारशाला अजून बराच वेळ आहे. तिने नाव मात्र ठरवून टाकलंय, घरामागून वाहणाऱ्या नदीचं: वेण्णा. रोमन लिपीत पाच अक्षरं होतात, मी मोजून पाहिली.