ब्लोअर, ट्रॉली, ट्रॅक्टर : लोखंडाला कुठला ऑइल पेंट घ्यायचा

तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीचं औषध) तयार झाला की त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात आणि पात्यावर तांबूस थर आला तर समजायचं चुना कमी पडलाय. आता हाच बोर्डो आपल्या ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राच्या, चॅसीवर छाटणीपासून उडत असतो, मग विळ्याला जे होतं ते चॅसीला होणारच की. मोरचूदातलं तांबं लोखंडावर बसतं, तेवढं लोखंड विरघळून जातं, आणि तांब्याला चिकटून असलेलं लोखंड मग अजूनच जोरात गंजतं.

मी हे पैसे घालवून शिकलोय. तीन वर्षांमागं ब्लोअर खरडून साधा सिंथेटिक ऑइल पेंट मारला, दोन हात, दिसायला लई भारी, शोरूममधनं आणल्यागत. पुढच्या छाटणीपर्यंत टाकीखालच्या अँगलचे पोपडे हातानं निघायला लागले. पोपड्याच्या आतली बाजू बघितली तर मऊ, चिकट, बोटाला लागणारी. तेव्हा कळलं की चुना बरोबर पडला तरी साध्या ऑइल पेंटची सुटका नाही, कारण त्याचा बांधा तेलाचा असतो, आणि तेल आणि खार एकत्र आले की काय होतं? साबण! चुन्याच्या पाण्यानं रंगाचा अक्षरशः साबण होत होता आणि मी दुकानदाराला शिव्या घालत होतो.

म्हणून दुकानात गेल्यावर कंपनी कुठली हे नंतर विचारा, आधी आपल्या लोखंडावर काय सांडतंय आणि काय घासतंय ते ठरवा. रंगाचे प्रकार म्हटले तर आपल्या कामाचे तीनचार. सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण नुसता ऑइल पेंट म्हणतो, हा हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, ब्रशनं मारता येतो, टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो, स्वस्त आहे आणि गेट, खिडकीची जाळी, ट्रॉली याला बास आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) म्हणजे थिनरचा रंग, पटकन वाळतो पण पॉलिश करत बसावं लागतं आणि पेट्रोल सांडलं की डाग, शेतीच्या कामाला मी घेणार नाही. पीयू (पॉलियुरेथेन) दोन डब्यांत येतो, रंग वेगळा हार्डनर वेगळा, उन्हात चमक टिकते, डिझेल-पेट्रोल-औषध याला दाद देत नाही, पण महाग, आणि हार्डनर मिसळला की काही तासांत वापरायलाच लागतो नायतर बादलीत दगड होतो. इपॉक्सी चिकटायला आणि खाराला एक नंबर पण ऊन लागलं की पांढरा भुरका पडतो, त्यामुळं तो खाली प्रायमर म्हणून वापरायचा.

यावरनं ब्लोअरचं उत्तर सरळ आहे, खाली इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू. ट्रॅक्टरचं बॉनेट, मडगार्ड यालाही पीयूच, कारण तिथं ऊन आणि डिझेल दोन्ही आहे. ऊसाच्या ट्रॉलीला मात्र पीयूवर पैसे घालू नका, आतल्या तळाला मोळ्या घासून घासून कुठलाही रंग एका हंगामात जाणार आहे, तिथं चांगला प्रायमर आणि साधा ऑइल पेंट, आणि दर दोन वर्षांनी परत हात मारायचा.

आता जुना रंग आहे त्यावरच मारणार असाल तर तो कुठला आहे ते कळायला पाहिजे. फडक्याला एनसी थिनर लावा आणि कोपऱ्यात एक मिनिट दाबून धरा. रंग फडक्याला विरघळून आला तर एनसी, सुरकुत्या पडून गोळा झाला तर सिंथेटिक, काहीच झालं नाही तर पीयू किंवा कंपनीचा भट्टीतला रंग. जुन्या सिंथेटिकवर पीयू मारला की त्याचा कडक थिनर खालचा रंग उचलतो, म्हाताऱ्या हत्तीच्या कातड्यासारखं दिसतं आणि सगळं परत खरडावं लागतं. उलटं, म्हणजे जुन्या पीयूवर पॉलिश पेपर मारून सिंथेटिक, ते चालतं.

खरडायचं काम कंटाळवाणं आहे पण निम्मं आयुष्य त्यातच आहे. सुटा गंज आणि पापुद्रे वायर ब्रशनं किंवा ग्राइंडरच्या वायर व्हीलनं, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०. वेल्डिंगच्या जोडावरचा स्लॅग छिन्नीनं उडवून टाका, गंज पहिल्यांदा तिथूनच सुरू होतो. ग्रीस आणि डिझेलचा थर पेपर मारायच्या आधी पुसायचा, नंतर नाही, नायतर पेपर तेच तेल घासून सगळीकडं पसरवतो. आणि जुना पिवळा-केशरी रंग कोरडा घासताना तोंडाला नीट मास्क लावा, ओला करून घासला तर उत्तमच, पोरांना लांब ठेवा, त्यात शिसं असायची शक्यता मोठी. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे आणि त्याहून जास्त शिशाच्या रंगाला बंदी आहे, पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, कारखानी रंगांना नाही.

लोखंड उघडं झालं की त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर ठेवलं तर सकाळी दव पडून तांबूस झालेलं असतं. साध्या रंगाखाली रेडऑक्साइड झिंक क्रोमेट किंवा झिंक फॉस्फेट, पीयूखाली इपॉक्सी. कडा, वेल्डिंग आणि नटबोल्टला आधी ब्रशनं एक जादा हात द्या, कारण रंग ओला असताना कडेवरनं मागं सरकतो आणि तिथंच सगळ्यात पातळ राहतो. जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याला मात्र डायरेक्ट ऑइल पेंट मारायचा नाही, जस्तावर तीच साबणाची भानगड होते आणि पत्रा साल सोलल्यागत रंग सोडतो, तिथं आधी वॉश प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा पातळ प्रायमर.

किती रंग आणायचा? अंदाजे एक लिटर ऑइल पेंट एका हाताला शंभर स्क्वेअर फूट धरा. माझी ट्रॉली १४ बाय ७, फळ्या दोन फुटी. तळ वरनं खालनं मिळून १९६, चारी फळ्या आतबाहेर १६८, झाले ३६४, चॅसी आणि ड्रॉबार धरून चारशे. म्हणजे एका हाताला चार लिटर, दोन हाताला आठ, आणि चार लिटर प्रायमर. यात कमी पडतंय म्हणून रॉकेल किंवा डिझेल घालून वाढवू नका, डिझेल घातलेला रंग महिनाभर चिकट राहतो आणि त्यावर रस्त्यावरची सगळी धूळ बसते.

वेळ कधीची? ब्लोअरला द्राक्षाच्या खरडछाटणीच्या आधी, ट्रॉलीला साखर कारखाने बंद झाल्यावर. पण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा हात लावता येत नाही इतका तापतो, तेव्हा मारला तर वरची कातडी वाळते आणि आतला थिनर कोंडून फोड येतात. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा, ऊन तापायच्या आत थांबा. दिवाळीच्या घाईत संध्याकाळी मारला तर रात्रीच्या दवानं चमक जाऊन धुरकट होतो, आणि दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

पीयू स्वतः स्प्रेनं मारणाऱ्यांना एकच सांगणं, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागतो आणि एकदा लागला की सुटत नाही. रुमाल किंवा कागदी मास्क काही कामाचा नाही, नळीनं बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि उघडी जागा. नसेल जमत तर सांगलीजवळ कुपवाडकडं गाडी रंगवणाऱ्याला द्या, ब्लोअरचं फार मोठं काम नसतंय. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, बऱ्याचदा चारास एक असतं पण सगळ्यांचं नाही, जास्त घातला म्हणून कडक होत नाही, उलट तडकतो.

बारीकसारीक राहिलं ते : सायलेन्सरला ऑइल पेंट मारला तर पहिल्याच फेरीत जळून वास मारेल, तिथं उष्णता सोसणारा अ‍ॅल्युमिनियम पेंट. नांगराच्या फाळाला रंग देऊच नका, पहिल्या तासात माती तो साफ करते, हंगाम संपला की धुऊन काळं ऑइल लावून ठेवा. ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर रंगवायच्या आधी टेपनं झाका, रात्री ऊस भरलेली ट्रॉली तेवढीच दिसते. आणि ट्रॅक्टरचा कलरच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर रंग लिहिलेला असतो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. पीयूला आठवडाभर तरी द्या, सिंथेटिकला त्याहून जास्त, तोवर त्यावर औषध उडवू नका आणि प्रेशरनं धुऊ नका. आमचा ब्लोअर आता सावलीत उभा आहे, सोमवारी आठ दिवस होतील, पहिला बोर्डो मंगळवारी.