तोतरं पात्र लिहिताय? ते अस्खलित बोलायला लागतं त्या सीनमधे या चुका टाळा

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे माहीत आहे, त्यामुळे कुणाच्या कथेत किंवा एकांकिकेत तोतरं पात्र आलं की ते वाचायला माझ्याकडे येतं, "जरा बघ ना, बरोबर वाटतंय का". मला हे मनापासून आवडतं, निदान विचारतात तरी. पण दर वेळी मी एकाच जागी थांबतो. शेवटची चार-पाच पानं. मुलगा तोपर्यंत वाक्यावाक्याला अडकलेला असतो, समोर वडील किंवा बॉस उभा असतो, मुलगा मूठ आवळतो आणि मग पाऊण पान सलग भाषण, एकही डॅश नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण त्याला मोकळं केलं. मला वाचताना वाटतं, म्हणजे आत्तापर्यंत याने नीट प्रयत्नच केला नव्हता असं म्हणायचंय का तुम्हाला?

सगळ्यात मोठी चूक: हिंमत आली, तोतरेपणा गेला

ही चूक आपल्या भाषेतच मुरलेली आहे. कुणाची चोरी पकडली गेली की आपण म्हणतो "त्याची ततपप झाली". म्हणजे अडखळला तो घाबरला, नाहीतर खोटं बोलतोय. हे कानात इतकं बसलंय की लिहिताना आपोआप उलटा हिशोब होतो, भीती गेली की अडखळणंही जाणार.

तसं नसतं. तोतरेपणा बहुतेक वेळा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो, लोक काय म्हणतील हे मुलाला कळायच्याही आधी. तो घराण्यात चालत येतो, 2010 साली त्याच्याशी संबंध असलेले काही जीन्सही सापडले, आणि बोलण्याची हालचाल जुळवणाऱ्या मेंदूच्या भागांचं काम थोडं वेगळं चालतं हेही दिसलंय. भीतीने तो वाढतो हे खरं, पण तो भीतीतून जन्मलेला नसतो. साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात, त्यातली बरीचशी आपोआप नीट बोलायला लागतात, आणि मोठ्यांमधे हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास राहतं. म्हणजे तुमचं पात्र तीस वर्षांचं असेल तर ते पंचवीसेक वर्षं यासोबत जगतंय, आणि तेवढ्या काळात ते किती काय काय शिकलं असेल याचा विचार करा, त्यातच तुमची गोष्ट आहे.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे "लहानपणी अपघात पाहिला आणि तेव्हापासून तोतरा झाला". मेंदूला मार बसून किंवा मोठ्या मानसिक धक्क्याने मोठेपणी अडखळणं सुरू होऊ शकतं, पण ते फार कमी वेळा आणि त्याची तऱ्हाही वेगळी असते. 1939 साली आयोवा विद्यापीठात नीट बोलणाऱ्या काही अनाथ मुलांना "तुम्ही अडखळता" असं मुद्दाम सांगत राहण्याचा एक भयंकर प्रयोग झाला होता, विद्यापीठाने 2001 मधे त्याबद्दल माफी मागितली. त्यातून मुलं खरोखर तोतरी झाली असं नंतरच्या तपासणीत दिसलं नाही, पण त्यातली काही बोलायला कचरायला लागली, गप्प झाली. पात्राला जखम द्यायचीच असेल तर ती ही द्या, गप्प होण्याची.

अस्खलित क्षण खरे असतात, पण ते भलतीकडेच येतात

आता हे नीट वाचा कारण लिहिणाऱ्यांना इथे खूप काही मिळण्यासारखं आहे. तोतरी माणसं रोज अस्खलित बोलतात. गाताना जवळपास कुणीच अडखळत नाही. चारचौघांच्या सुरात सूर मिसळून एकच मजकूर म्हणताना नाही. एकटं असताना, कुणी ऐकत नाहीये याची खात्री असली की नाही. तान्ह्या बाळाशी, कुत्र्या-मांजराशी बोलताना खूपच कमी. ठेक्यावर एकेक अक्षर टाकत बोललं की, कुजबुजलं की, तोच उतारा पुन्हापुन्हा वाचला की कमी होतं. दुसऱ्याच्या लकबीत बोललं की बऱ्याच जणांचं कमी होतं, अभिनेत्री एमिली ब्लंट लहानपणी अडखळायची आणि तिला एका शिक्षकांनी शाळेच्या नाटकात वेगळ्या उच्चारात बोलून बघ असं सुचवलं होतं. कानात मोठा आवाज चालू असला आणि स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू आलं नाही तरी फरक पडतो. 'द किंग्ज स्पीच' या 2010 च्या सिनेमात अडखळणाऱ्या सहाव्या जॉर्जला, म्हणजे पुढे ब्रिटनचा राजा झालेल्या माणसाला, हेडफोनवर संगीत लावून शेक्सपिअर वाचायला दिलंय तो सीन यावरच उभा आहे, आणि तो वैतागून मधेच निघून जातो, रेकॉर्डिंग घरी कधीतरी नंतर ऐकतो. पटकथा लिहिणारे डेव्हिड सायडलर स्वतः लहानपणी अडखळायचे, ते जाणवतं. शेवटच्या भाषणातसुद्धा राजा पूर्ण सुटत नाही, थोडा अडकतोच.

यातलं काहीही कायम टिकत नाही. गाणं संपलं की संपलं. शाळेत सगळ्यांबरोबर कविता म्हणताना माझा आवाज खणखणीत निघायचा आणि पाच मिनिटांनी हजेरीला "हजर" हा एवढासा शब्द निघायचा नाही. ह साठी नुसता श्वास जात राहायचा. सगळा वर्ग मागे बघायचा.

आणि तिथेच पुढची चूक असते. लेखक अस्खलित क्षण दाखवतो पण त्याची किंमत दाखवत नाही. समोरचा लगेच म्हणतो "बघ, येतंय की तुला! मगाशी किती छान बोललास". हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय, प्रेमाने म्हटलेलं असतं, आणि त्याचा अर्थ एवढाच पोचतो की मग इतर वेळी तू मुद्दाम करतोस. पात्र चांगलं बोललं की त्याला नुसता आनंद होत नाही, धास्ती वाटते, आता हेच सगळे पुढच्या वेळीही मागणार. तुमच्या सीनमधे अस्खलित बोलून झाल्यावर पात्राला काहीच वाटत नसेल तर तो सीन अर्धा आहे.

केन केसीच्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' या कादंबरीतला, मनोरुग्णालयात असलेला तोतरा बिली बिबिट आठवून बघा. एका मुलीबरोबर घालवलेल्या रात्रीनंतर तो सकाळी न अडखळता बोलतो, नर्स "तुझ्या आईला काय वाटेल" एवढंच म्हणते आणि अडखळणं परत येतं, आणि मग तो जीव देतो. सीन जबरदस्त आहे, मला तो विसरता येत नाही. पण त्याची नक्कल करू नका. प्रेम मिळालं की सुटला, लाज वाटली की अडकला, असा बटण दाबल्यासारखा तोतरेपणा चालत नाही, त्याच माणसाचा एक दिवस बरा आणि एक वाईट जातो आणि कारण त्यालाही सांगता येत नाही. खोट्या तोतरेपणाचंही तेच. पहिल्या हॅरी पॉटरमधला प्रोफेसर क्विरल मुद्दाम अडखळतो आणि खरं रूप उघडं पडतं तेव्हा एकदम सरळ बोलायला लागतो. रहस्यासाठी युक्ती चांगली, पण वाचणारं तोतरं मूल त्यातून काय शिकतं बघा, अडखळणं म्हणजे सोंग.

कागदावर बरोबर दिसत नाहीये?

"म-म-मला त-त-तिथे ज-ज-जायचंय" असं लिहिलं असेल तर आधी हे खोडा. अडखळणं तीन तऱ्हांचं असतं, अक्षर परत परत येणं, आवाज ताणला जाणं आणि आवाज पूर्ण बंद होणं. कथांमधे फक्त पहिलं सापडतं, कारण ते डॅशने लिहिता येतं. तिसरं सगळ्यात त्रासाचं आणि तेच कुणी लिहीत नाही. स, श, म, न ताणता येतात, "स्स्स्समीर". प, त, क ताणता येत नाहीत, तिथे ओठ किंवा जीभ चिकटते आणि काहीच ऐकू येत नाही. ते असं लिहा: "पाण्याच्या प साठी तिचे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले." झालं, एकही डॅश लागला नाही. अडकणं बहुतेक शब्दाच्या सुरुवातीला असतं, त्यामुळे "पुस्तक-क-क" हे चूकच. आणि "लस्ता", "तुथे" असलं काही लिहिलंत तर तो बोबडेपणा झाला, तोतरेपणा नाही, हे दोन लोक सर्रास एक करतात.

एकदा-दोनदा दाखवा, मग बाकीचं समोरच्याच्या वागण्यातून येऊ दे. कोण नजर वळवतो, कोण वाक्य पूर्ण करून देतो, कोण "सावकाश, सावकाश" म्हणतो, कोण नुसता थांबतो.

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट: न दिसणारं अडखळणं

आम्ही शब्द बदलतो. वाक्य सुरू असताना चार शब्द पुढे कुठला खड्डा आहे ते दिसतं आणि आम्ही वळण घेतो. "पाणी" येणार नाही असं वाटलं की "काहीतरी प्यायला द्या". "ते आपलं हे..." लावून शब्दाला ढकल द्यायची. स्वतःचं नाव सगळ्यात अवघड कारण त्याला दुसरा शब्दच नाही. मराठीत शब्दांचा क्रम हवा तसा फिरवता येतो ही तर आमच्यासाठी मोठीच सोय. ऐकणाऱ्याला वाटतं किती सरळ बोलतोय, आणि आत सगळी धावपळ चालू असते.

आता यावरून तो शेवटचा सीन परत लिहून बघू. समजा मीनलने नोकरी सोडलीये आणि वडिलांना सांगायचंय. पहिल्या ड्राफ्टमधे ती डोळे पुसते आणि धाडधाड सगळं बोलते. त्याऐवजी ती आदल्या रात्री मांजराला सांगते, "बाबा, मी नोकरी सोडली", एकदम सरळ, तीनदा. सकाळी बाहेर येते. "बाबा" निघतं, "मी" निघतं, आणि न वर जीभ टाळूला लागून राहते, न्न्न्न, मान एका बाजूला जाते. वडील म्हणतात, "नोकरीचं ना? काय, प्रमोशन?" तिला मान हलवून सुटता येईल. किंवा क्रम बदलून "सोडून दिलं मी सगळं" असं म्हणता येईल, ते पटकन निघेल, एकही अडथळा नाही, आणि त्यात नेमकं काय सोडलं हे न सांगताच वेळ निभावेल.

ती ते म्हणत नाही. ती परत न वर येते, परत अडकते, वडिलांची नजर चहाच्या कपाकडे जाते, ती थांबते, त्यांनी परत वर बघेपर्यंत थांबते, आणि म्हणते, "न्न्न्नोकरी सोडली."

माझ्या ज्या मैत्रिणीचा हा सीन होता तिने विचारलं, म्हणजे शेवटीही अडखळतेच का ही? मी म्हटलं हो, सरळ निघणारं वाक्य तिच्याकडे होतं, तिने ते वापरलं नाही. मग तिने आधीच्या पानांवर जाऊन मीनलची सगळी सरळ वाक्यं परत तपासली, त्यातल्या कुठल्या वाक्यात ती खरंच सहज बोलतेय आणि कुठल्या वाक्यात काहीतरी चुकवतेय ते. मांजराशी बोललेलं सोडलं तर बाकी बरीचशी चुकवलेली निघाली आणि तीच तिने नव्याने लिहायला घेतली.