स्वस्तातलं सीएनसी सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी मशीनचं कार्ड बघा

जालना, परभणी, लातूर, नांदेड, कुठंही जा, एमडीएफच्या जाळ्या, देव्हारे, दरवाज्यावरचं कोरीवकाम, नेमप्लेटा असली कामं घेणारी पोरं आता छोटी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या फाईलवरून आपोआप कोरणारी मशीन) टाकायलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतोय, दादा सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, स्वस्तातलं सांगा. प्रश्नच उलटा आहे खरं तर. मशीन चालवायचं सॉफ्टवेअर आपण निवडत नसतो, ते मशीनमधलं कंट्रोलर कार्ड, म्हणजे मोटरींना हुकूम देणारं सर्किट बोर्ड, ठरवतंय, आपल्या हातात फार तर त्या कार्डावर चालणाऱ्या दोन-चार सॉफ्टवेअरमधलं एक उचलणं असतंय. म्हणून आधी कार्ड, मग सॉफ्टवेअर, आणि पैसे द्यायचा विचार सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हे सगळं स्टेपर मोटरवाल्या (ठरलेल्या छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरच्या) राउटर, छोट्या लेझर, हॉबी मशीनसाठी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत जे व्हीएमसी आणि टर्निंग सेंटर (धातू कापायच्या मोठ्या सीएनसी मशीन) असतात त्यांना फनुक नाहीतर सीमेन्सचा कंट्रोल मशीनसोबतच येतोय, तिथं वेगळं सॉफ्टवेअर टाकायचा विषयच नाही.

पायरी १: कशाला सॉफ्टवेअर म्हणायलोय ते ठरवा

इथंच लई जणांचा घोळ होतो. डिझाईन काढायचं सॉफ्टवेअर वेगळं, त्या डिझाईनवरून टूल कुठून कसं फिरणार ते ओळीओळीनं सांगणारी जीकोडची फाईल बनवणारं कॅम सॉफ्टवेअर वेगळं, आणि ती फाईल वाचून मोटरी हलवणारं कंट्रोल सॉफ्टवेअर वेगळं. "माझ्याकडं आर्टकॅम (एक डिझाईन-कॅम सॉफ्टवेअर) आहे" म्हणजे तुमच्याकडं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर आहे असं नाही. या लेखात मुख्य विषय तिसऱ्याचा, कॅमचं थोडं पुढं येईलच.

पायरी २: कार्डाचा फोटो मागवा

मशीन घ्यायची असेल तर विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कंट्रोल बॉक्स उघडून फोटो पाठवायला सांगा. घेऊन झाली असेल तर मेन स्विच बंद करून, प्लग काढून स्वतः बॉक्स उघडा. व्हीएफडी (स्पिंडलचा, म्हणजे कापायच्या मोटरचा वेग ठरवणारा डबा) असेल तर प्लग काढल्यावरही आत काही वेळ करंट साठलेला असतो, त्यामुळं पाच-दहा मिनिटं थांबून मगच हात घाला. मग बघा मोटरच्या ड्रायव्हरांना (मोटरला करंट देणाऱ्या डब्यांना) पल्स, म्हणजे हलायचा इशारा, कुठून येतेय, त्यावरून पुढचं सगळं ठरतंय.

आर्डुइनो उनो नाहीतर तसलंच छोटं यूएसबीचं कार्ड दिसलं तर ते बहुतेक जीआरबीएल आहे. ३०१८ नावानं ऑनलाईन मिळणारी ती छोटी मशीन, ३०० बाय १८० मिलिमीटर कामाच्या जागेची, तीही जीआरबीएलवालीच. जीआरबीएल हे २००९ साली सुरू झालेलं फुकटचं ओपन सोर्स फर्मवेअर आहे आणि ते कार्डातच बसलेलं असतं, कॉम्प्युटरवर फक्त त्याला एकेक ओळ पाठवणारा सेंडर लागतोय. सेंडर भरपूर आहेत आणि सगळे कामाचे फुकट आहेत: कँडल, युनिव्हर्सल जीकोड सेंडर, ओपनबिल्ड्स कंट्रोल, जीसेंडर, लेझर असेल तर लेझरजीआरबीएल. जुना लॅपटॉप असेल तर कँडल हलकं पडतंय, स्क्रीनवर सगळं नीट मांडलेलं पाहिजे असेल तर जीसेंडर बघा. एक आवडला नाही तर दुसरा टाकायचा, पैसे जात नाहीत, म्हणून इथं जास्त डोकं लावत बसू नका.

कार्डाला लांबट २५ पिनची पॅरलल पोर्टची केबल असेल तर दोन रस्ते आहेत, मॅक-थ्री किंवा लिनक्ससीएनसी. मॅक-थ्री जुनं आणि आपल्याकडं सगळ्यात ओळखीचं, कोणत्याही मेकॅनिकला विचारा त्याला ते येतंय. पण पॅरलल पोर्टवरून ते ३२ बिट विंडोजवरच चालतं, म्हणजे जुना डेस्कटॉप सांभाळत बसा. ६४ बिट विंडोजवर पाहिजे असेल तर यूएसबीचं किंवा इथरनेटचं वेगळं मोशन कार्ड (कॉम्प्युटरऐवजी स्वतः पल्स देणारं) घ्यावं लागतं आणि त्या कार्डाचा प्लगइन वेगळा टाकावा लागतो. लायसनची किंमत बरीच वर्षं १७५ डॉलर आहे, आपल्या पैशात पंधरा हजाराच्या आसपास. डेमो फुकट मिळतो पण त्यात ५०० ओळींच्या वरची फाईल चालत नाही. साधी नेमप्लेट त्यात बसेल, देव्हाऱ्याचं थ्रीडी कोरीवकाम म्हणजे लाखभर ओळी सहज होतात, ते नाही बसणार.

आता, बऱ्याच स्वस्त कार्डांसोबत मॅक-थ्रीची सीडी "लायसन टाकून" येते. ते क्रॅक असतंय. नीती-अनीती राहू द्या बाजूला, पण साडेचारशे रुपयांच्या एमडीएफ शीटवर तीन तास जॉब चालल्यावर मधेच हँग झालं तर तक्रार करायची कुणाकडं? पैसे द्यायचेच नसतील तर फुकटचं चांगलं सॉफ्टवेअर आहे की.

ते म्हणजे लिनक्ससीएनसी. याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मोजमाप संस्थेत, एनआयएसटीत, १९९० च्या दशकात आहे, आणि आजही ते पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे, नऊ अ‍ॅक्सिसपर्यंत चालतं. पण पॅरलल पोर्टवर चालवायचं तर कॉम्प्युटर वेळेचा पक्का पाहिजे. त्याच्यात कॉम्प्युटर वेळेत किती मागं पडतो ते मोजणारी लेटन्सी टेस्ट असते, ती चालू करून दहा-पंधरा मिनिटं ब्राउझर उघडा, फाईली कॉपी करा, कॉम्प्युटरला जरा त्रास द्या आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. २०,००० नॅनोसेकंदाच्या आत आला तर मस्त, ३० ते ५० हजारापर्यंत काम भागतं, लाखाच्या वर गेला तर तो कॉम्प्युटर या कामाचा नाही. लॅपटॉप बहुतेक नापासच होतात, जुना डेस्कटॉप पास होतो. लिनक्सची भीती वाटत असेल तर मात्र हे पहिल्या मशीनसाठी घेऊ नका, शिकायचे दोन विषय एकदम अंगावर येतात.

यूसीसीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर पण चांगलं आहे, मॅक-थ्रीपेक्षा स्वस्त, पण ते त्याच कंपनीच्या मोशन कार्डांवरच चालतं. म्हणून सॉफ्टवेअर आणि कार्ड मिळून किती पडतंय तो हिशोब करा.

आणि कॉम्प्युटरच नसेल, वायरला लटकलेला रिमोटसारखा डबा असेल तर ती डीएसपी. लाकूडकामाच्या राउटरवर रिचऑटो ए-११ सारखे डीएसपी लई दिसतात. पेनड्राईव्हवर फाईल टाकायची, रिमोटवर झीरो घ्यायचा (काम सुरू करायची जागा ठरवायची), रन. यात सॉफ्टवेअर निवडायचा प्रश्नच मिटला.

पायरी ३: लाईट गेल्यावर काय होतंय ते विचारा

हा मुद्दा परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही पण आपल्याकडं हाच सगळ्यात महागात पडतो. समजा जीआरबीएलची मशीन आहे आणि लॅपटॉपवरून जॉब चालू आहे. लाईट गेली. मोटरींचे ड्रायव्हर बंद, स्पिंडल बंद, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि आर्डुइनोला करंट लॅपटॉपच्याच यूएसबीतून मिळतोय, म्हणजे तो जिवंतच आहे. त्याला कळतच नाही की मोटरी हलत नाहीत, तो आपला पल्स देत राहतो आणि स्क्रीनवर जॉब पुढं सरकत राहतो. पाच मिनिटांनी लाईट आली की मोटरी जिथं होत्या तिथूनच, पण पुढच्या ओळीवरून फिरायला लागतात, सगळा जॉब सरकलेला. स्पिंडलचं व्हीएफडी आपोआप चालू झालं नाही तर न फिरणारं बिट (कापायचं टूल) लाकडात घुसतंय आणि तुटतंय.

त्यामुळं जीआरबीएल घ्यायचं असेल तर दोन गोष्टी करा. एक, मशीनच्या मेन सप्लायला असा कॉन्टॅक्टर (मोठा इलेक्ट्रिक स्विच) बसवा की लाईट आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होणार नाही, कोणताही चांगला वायरमन लावून देतोय. दोन, होमिंगचे (मशीनला तिची ठरलेली सुरुवातीची जागा सापडायचे) लिमिट स्विच लावा, म्हणजे परत होम करून आधीचा झीरो सापडतो, आणि जीसेंडरसारख्या सेंडरमध्ये मधल्या ओळीपासून सुरू करायची सोय आहे ती वापरता येते. डीएसपीत लाईट गेल्यावर जॉब जिथं थांबला तिथून पुढं न्यायची सोय आतच असते. गावात रोज दोन-तीन तास लाईट जाते आणि थ्रीडीचे पाच-सहा तासांचे जॉब करायचेत, तर माझं मत सरळ आहे, डीएसपीवाली मशीन घ्या, जरा महाग पडली तरी.

पायरी ४: वेग पुरतो का ते कागदावर काढा

जीआरबीएल उनो कार्डावर सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० पल्स देतं. आता हिशोब करा. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हरवर मायक्रोस्टेप (एका स्टेपचे किती तुकडे करायचे) ८, बॉलस्क्रू (मोटर फिरली की मशीन सरकवणारा स्क्रू) एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. २०० गुणिले ८ भागिले ५ म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. ३०,००० ला ३२० नं भागा, सेकंदाला साधारण ९४ मिलिमीटर, मिनिटाला साडेपाच मीटरच्या वर, लाकडाला भरपूर झालं. तोच ड्रायव्हर कुणी ३२ मायक्रोस्टेपवर ठेवला तर मिलिमीटरला १२८० पल्स होतात आणि वेग मिनिटाला १४०० मिलिमीटरवर येतो. मशीन स्लो आहे म्हणून सॉफ्टवेअर बदलायला निघण्याआधी ड्रायव्हरचे ते छोटे स्विच बघा.

पायरी ५: मशीन घ्यायच्या आधी टेबलावर चालवून बघा

हे कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला पाहिजे. नुसतं एक आर्डुइनो उनो आणा, लोकल कॉपी चालेल, त्यात जीआरबीएल टाका आणि दोन-तीन सेंडर लावून बघा. मोटर नाही, मशीन नाही, तरी स्क्रीनवर एक्स, वाय, झेडचे आकडे फिरतात, जॉब चालतो, थांबतो, सगळं कळतंय. झीरो कसा घ्यायचा, होल्ड कसं करायचं, चुकीची फाईल टाकली तर काय बोंबलतंय, हे सगळं एकही बिट न तोडता शिकून होतंय. मॅक-थ्रीचा डेमोही असाच कार्डाशिवाय उघडून बघता येतो.

पायरी ६: कॅमची फाईल त्याला कळते का

कॅम सॉफ्टवेअरमध्ये पोस्ट प्रोसेसर नावाची एक निवड असते, तिथं तुमच्या कंट्रोलचंच नाव निवडायचं. मॅक-थ्रीच्या पोस्टनं काढलेली फाईल जीआरबीएलला दिली तर टूल बदलायच्या ओळीवर किंवा अजून कुठं एरर देऊन थांबेल. मिलिमीटर की इंच तेही इथंच बघा, फाईलीच्या सुरुवातीला जी २१ असेल तर मिलिमीटर, जी २० असेल तर इंच, म्हणजे १०० मिलिमीटरचं काम अडीच मीटर करायला निघेल.

फुकटात फ्रीकॅड आहे, कॅम त्याच्यातच आहे, शिकायला वेळ लागतो. ऑटोडेस्कच्या फ्यूजनचं पर्सनल लायसन फुकट आहे पण ते धंद्यासाठी नाही आणि त्यात टूलची रिकामी धाव पण कटिंगच्याच वेगानं होते, मोठ्या जॉबला वेळ जातो. आर्टकॅम ऑटोडेस्कनं २०१८ मध्येच बंद केलं, त्यामुळं कुणी "नवीन ओरिजिनल" म्हणून विकायलाय तर हात जोडा.

पायरी ७: कॉम्प्युटर आणि शेवटची सेटिंग

विंडोजमध्ये स्लीप बंद, अपडेटची वेळ रात्रीची, पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद. यूएसबी केबल आखूड आणि शिल्डवाली घ्या, ती स्पिंडलच्या वायरीसोबत बांधू नका. अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. स्पिंडल चालू केल्यावरच मशीन डिस्कनेक्ट होते म्हणतात ना, ते नव्वद टक्के वेळा सॉफ्टवेअर नसतंय, व्हीएफडीचा नॉईज असतोय.

मग स्पिंडलमध्ये बिटाऐवजी पेन बांधा, कागदावर १०० मिलिमीटरचा चौकोन काढा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. बेल्टवाली मशीन असेल, मिलिमीटरला किती पल्स ती सेटिंग ८० आणि चौकोन ९९ भरला, तर ८० गुणिले १०० भागिले ९९, म्हणजे ८०.८१ टाका. जीआरबीएलमध्ये एक्स, वाय, झेडसाठी ही सेटिंग डॉलर चिन्ह लावून १००, १०१, १०२ अशी असते, टाईप मात्र इंग्रजी आकड्यात करायचं. बॉलस्क्रूला एवढा फरक आला तर आकडा ओढूनताणून बसवू नका, मायक्रोस्टेपचा स्विच चुकलाय नाहीतर मोटर स्टेप सोडतेय.

सॉफ्टवेअरमधलं स्टॉप बटण म्हणजे इमर्जन्सी नव्हे, लॅपटॉप हँग झाला तर तेही हँग. लाल मशरूम बटण वेगळं, थेट मशीनचा आणि स्पिंडलचा सप्लाय तोडणारं, आणि ते जॉब चालू असताना हात पोचेल अशा जागी. पहिल्या दिवशीच बिट हवेत ठेवून जॉब चालू करा आणि ते दाबून बघा. सगळं जमलं की जीआरबीएलच्या सेंडरमध्ये दोनदा डॉलर टाईप करून एंटर मारा, सगळ्या सेटिंगची यादी येते, ती कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, कार्ड जळालं तर नवीन कार्डात दहा मिनिटांत परत टाकता येते.