फाइलचा फॉरमॅट आधी लेखी ठरवून घ्या

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत डेटा इंटिग्रेशनच्या, म्हणजे एका सिस्टिममधली माहिती दुसरीत नेण्याच्या, कामावर रुजू होणाऱ्या नव्या मुलामुलींना एक निरोप हमखास येतो : ‘क्लायंट सीएसव्ही पाठवणार आहे, तेवढी लोड करून घ्या.’ हे काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि एवढ्या माहितीवर प्रोग्रॅम लिहायला बसू नये, असे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

सीएसव्ही म्हणजे एका ओळीत एक नोंद आणि रकाने स्वल्पविरामासारख्या चिन्हाने तोडलेली साधी मजकूर फाइल. ती वापरात आल्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये, आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात तिचे वर्णन केले गेले. तोही केवळ माहितीसाठी आहे, बंधनकारक नाही. त्यामुळे रकाने स्वल्पविरामाने तोडायचे की उभ्या रेघेने, पहिली ओळ शीर्षकांची की थेट नोंदीची, हे प्रत्येक सिस्टिम आपापल्या परीने ठरवते. आपल्याकडे रक्कम १,२५,००० अशी लिहिली जाते. ती अवतरणचिन्हांत नसेल तर एका रकमेचे तीन रकाने होतात आणि त्या ओळीतला पुढचा सगळा तपशील दोन घरे सरकतो. ही चूक निदान लगेच दिसते.

तारखेची चूक दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. ०५/०४/२०२४ ही ठाण्यातल्या पगारपत्रकात ५ एप्रिल असते, तर अमेरिकन पद्धतीच्या सेटिंगवर चालणाऱ्या सर्व्हरवर ४ मे. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी तो सर्व्हर नाकारतो, कारण तेरावा महिनाच नसतो; पण पहिल्या बारा दिवसांतल्या नोंदी बिनबोभाट भलत्याच महिन्यात जाऊन बसतात. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस असा क्रम मागून घेतला की हा प्रश्न उरत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याचे पगार बँकेत जमा करण्याची फाइल घ्या. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि कोणी ती फाइल ‘नुसती बघण्यासाठी’ एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर सुरुवातीची शून्ये गळून पडतात. एक्सेल आकड्यातले पंधराच अंक अचूक सांभाळते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. म्हणून खाते क्रमांक, कर्मचारी क्रमांक, मोबाइल नंबर हे रकाने मजकूर म्हणूनच हाताळायचे, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून घ्यावे आणि फाइल पाहायची झाल्यास साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहावी.

मराठी मजकूर असला की लांबीचा प्रश्न हमखास उभा राहतो. ‘पत्त्याची लांबी ३०’ असे कागदावर असते, पण ३० अक्षरे की ३० बाइट (संगणकातल्या साठवणुकीचे एकक), हे कोणी लिहिलेले नसते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हे धरली जातात. ‘घोडबंदर रोड’ यात अशी दहा चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ३१ बाइट. तीस बाइटच्या रकान्यात शेवटचा ‘ड’ मधूनच तुटतो आणि त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. जुन्या नोंदी युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील तर त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात, आणि ते कोणी करायचे हेही सुरुवातीलाच विचारावे.

हे सगळे विचारताना नवख्या माणसाला संकोच वाटतो, हे मी जवळून पाहिले आहे. समोरचे अधिकारी वयाने आणि पदाने मोठे असतात. त्यांना वाटेल की याला एवढेही कळत नाही. तरीही विचारावे, आणि फोनवर बोलणे झाले तरी मेल करावा. ‘नमस्कार सर, आपल्या सिस्टिममधून थेट निघालेली एक नमुना फाइल पाठवाल का? नावे आणि खाते क्रमांक कृपया बदलून द्यावेत, पण अंकांची संख्या आणि रचना तीच ठेवावी. एक्सेलमध्ये हाताने तयार केलेली फाइल नको,’ इतके साधे लिहिले तरी पुरते. हाताने केलेल्या नमुन्यात रिकामे रकाने, आडनाव नसलेली माणसे, पत्त्यात मध्येच आलेली नवी ओळ यांपैकी काहीच सहसा नसते. आणि खऱ्या फाइलवर प्रोग्रॅम अडतो तो नेमका तिथेच.

नमुना हाती आला की एका पानाची टिपण लिहून दोन्ही बाजूंची मान्यता घ्यावी. रिकामा रकाना म्हणजे ‘माहिती नाही’ की ‘शून्य’, हे त्यात असावे. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम मागावी, म्हणजे अर्धवट आलेली फाइल तिथल्या तिथे ओळखता येते. मोठी फाइल एसएफटीपीवर, म्हणजे फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या सोयीवर, चढत असतानाच आपला प्रोग्रॅम ती वाचायला घेऊ शकतो. ते टाळण्यासाठी क्लायंटने ती तात्पुरत्या नावाने चढवावी आणि पूर्ण झाल्यावरच ठरलेले नाव द्यावे. नोंद नाकारली गेली तर ती एकटी परत पाठवायची की सगळी फाइल, आणि रात्री उशिरा असे घडल्यास फोन कोणाला करायचा, हे त्याच पानावर नाव-नंबरासह लिहावे.