दिवसभराच्या सपाट शर्यतींतले दावेदार कसे पारखावेत

सात शर्यतींचं रेसकार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींचा आणि घोड्यांचा तक्ता, हातात आलं की नजर आधी घोड्यांच्या नावांकडे आणि त्यांच्यापुढच्या आकड्यांकडे धावते. सुरुवात तिथून करू नका. आधी शर्यत वाचा, मग घोडे. आज किती अंतर, कशी जमीन, किती वजन आणि कोणता दर्जा, हे चार प्रश्न नीट मांडले की बारा घोड्यांतले पाच-सहा आपोआप मागे पडतात आणि उरलेल्यांकडे बारकाईने बघायला वेळ मिळतो. खालची पद्धत अडथळ्यांविना धावल्या जाणाऱ्या सपाट शर्यतींसाठी, म्हणजे फ्लॅट रेसिंगसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः ब्रिटनमधली घेतली आहेत, कारण तिथल्या रेसकार्डावर माहिती भरपूर असते.

१. सगळ्या शर्यती अभ्यासू नका

ब्रिटनमध्ये फ्लॅट शर्यतींत धावणाऱ्यांची यादी साधारण ४८ तास आधी पक्की होते. म्हणजे आदली संध्याकाळ अभ्यासाला मिळते. एक शर्यत नीट वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. सातही शर्यती वाचायला बसलात तर शेवटच्या तिन्ही नुसत्या चाळल्या जातात आणि चुका तिथेच होतात. दोन किंवा तीन शर्यती निवडा.

नवख्याने ८ ते १२ घोड्यांची, चार वर्षं आणि त्यावरच्या घोड्यांची हँडिकॅप शर्यत, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात ती, घ्यावी. त्यातला प्रत्येक घोडा बऱ्याचदा धावलेला असतो, त्यामुळे तुलनेला काहीतरी हाताशी असतं. दोन वर्षांच्या, कधीच न धावलेल्या घोड्यांच्या शर्यती सुरुवातीला सोडून द्या. तिथे वंशावळ, ट्रेनरची पद्धत आणि पॅडॉकमधलं (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारातलं) दर्शन एवढंच हाती असतं. शिवाय उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. दोन वर्षांच्या वयात हे चार महिने अंगापिंडात स्पष्ट दिसतात.

२. अंतर आणि जमीन

एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर आणि आठ फर्लांगांचा एक मैल. ५-६ फर्लांगांचे ते स्प्रिंटर, ७-८ चे मायलर, १०-१२ चे मध्यम पल्ल्याचे आणि १४ च्या पुढचे लांब पल्ल्याचे. प्रत्येक घोड्याने आजच्या अंतराच्या एक फर्लांग अलीकडे-पलीकडे काही करून दाखवलंय का, ते बघा. पहिल्यांदाच लांब अंतरावर उतरणाऱ्याला लगेच बाद करू नका. मागच्या शर्यतीत तो शेवटच्या फर्लांगात वेग घेत होता की थकत होता, ते वाचा. वेग घेत होता आणि आई-बापाच्या बाजूने दम असलेली वंशावळ असेल, तर तो सुधारण्याची शक्यता खरी असते.

जमिनीची स्थिती, म्हणजे गोइंग, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. ब्रिटनमध्ये गवताच्या धावपट्टीचं वर्णन कडकपासून दलदलीपर्यंत असं उतरत जातं: हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. सोबत गोइंगस्टिक नावाच्या उपकरणाचा आकडाही देतात. आकडा मोठा तेवढी जमीन कडक. उंच गुडघे टाकत धावणारा घोडा सहसा मऊ जमिनीत रमतो, आणि जमिनीलगत सपाट पाऊल टाकणाऱ्याला कडक जमीन मानवते. घोड्याची एकूण कामगिरी बघू नका. फक्त आजच्यासारख्या जमिनीवरच्या शर्यती वेगळ्या काढा. ‘सॉफ्टवर पाच धावा, एकदाही पहिल्या तिघांत नाही’ अशी नोंद दिसली, तर त्याचं बाकीचं कर्तृत्व आजपुरतं बाजूला ठेवा.

कृत्रिम धावपट्ट्या एकाच गटात टाकणं ही नेहमीची चूक. लिंगफील्ड आणि केम्प्टन या रेसकोर्सना पॉलीट्रॅक नावाची पट्टी आहे, वुल्व्हरहॅम्प्टन आणि न्यूकॅसलला टॅपेटा नावाची. केम्प्टनला उजवीकडे वळायचं असतं, लिंगफील्डला डावीकडे. साउथवेलला २०२१ पर्यंत फायबरसँडची जड, दमछाक करणारी पट्टी होती, मग तिथेही टॅपेटा आला. त्यामुळे त्याआधी साउथवेलला मिळवलेल्या विजयाच्या जोरावर नावापुढे लागलेलं ‘सी’ अक्षर, म्हणजे याच कोर्सवर जिंकल्याची खूण, आज फारसं काही सांगत नाही.

३. आकड्यांच्या मागे जा

ब्रिटिश रेसकार्डावर घोड्यापुढचे आकडे डावीकडून उजवीकडे वाचायचे, सर्वांत ताजी धाव उजव्या टोकाला. ० म्हणजे दहावा किंवा त्यामागे. मधली आडवी रेघ वर्ष बदलल्याची खूण. पण हे आकडे म्हणजे नुसता क्रमांक. चार घोड्यांच्या दुबळ्या शर्यतीतला १ आणि अठरा घोड्यांच्या वरच्या दर्जाच्या शर्यतीत जिंकणाऱ्यामागे तीन लेंग्थने (घोड्याच्या तीन लांब्यांनी) आलेला ७, यांत दुसरा जास्त मोलाचा असू शकतो. म्हणून शेवटच्या तीन-चार शर्यतींसाठी पाच गोष्टी वहीत लिहा: दर्जा, किती घोडे होते, जिंकणाऱ्यापासून किती अंतरावर आला, जमीन कशी होती, आणि शर्यतीत काय घडलं. शेवटच्या रकान्यात ‘वाट अडली’, ‘स्टॉलमधून (शर्यत सुटते त्या कप्प्यातून) उशिरा निघाला’, ‘जॉकीने शेवटी सोडून दिलं’ असं काही असेल, तर हरलेलं अंतर जसंच्या तसं धरू नका.

आता वेळ. एका घोड्याची लांबी, म्हणजे एक लेंग्थ, साधारण २.४ मीटर. वेळेतला फरक अंतरात बदलताना चांगल्या जमिनीवर एका सेकंदाला जवळपास सहा लेंग्थ धरतात, मऊ जमिनीवर पाचच्या आसपास. सेक्शनल वेळा, म्हणजे शर्यतीच्या टप्प्याटप्प्यांच्या वेळा, मिळत असतील तर एक हिशेब जरूर करा. समजा आठ फर्लांग ९६ सेकंदांत झाले, म्हणजे सरासरी १२ सेकंदांना एक फर्लांग. शेवटचे तीन फर्लांग ३५ सेकंदांत, म्हणजे सुमारे ११.६७ सेकंदांना एक. १२ ला ११.६७ ने भागून शंभराने गुणलं की १०२.८ येतं. शंभराच्या बरंच वर, म्हणजे सुरुवात संथ होती आणि शेवटी सगळे सुटले. अशा शर्यतीत पुढे असणाऱ्याला आयती चाल मिळते. मागून येऊन दीड लेंग्थने चौथा आलेला घोडा जिंकणाऱ्याहून सरस असू शकतो. हा आकडा उताराच्या आणि चढाच्या कोर्सवर वेगळा पडतो, म्हणून तुलना त्याच कोर्सवरच्या, त्याच दिवसाच्या इतर शर्यतींशी करा.

४. वजनाचा हिशेब

हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सर्वांना एका रेषेत आणायचा प्रयत्न असतो. एका लेंग्थची किंमत अंतरानुसार बदलते: ५ फर्लांगांवर सुमारे ३ पौंड, मैलावर २, दीड मैलावर दीड, दोन मैलांवर १.

उदाहरण घ्या. मैलाच्या शर्यतीत ‘अ’ने ‘ब’ला २ लेंग्थने हरवलं. त्यानंतर ‘अ’चं रेटिंग, म्हणजे ज्यावरून वजन ठरतं तो पौंडांतला आकडा, ६ पौंडांनी वाढलं, ‘ब’चं १ पौंडाने घटलं. आज फरक ७ पौंडांचा, म्हणजे साडेतीन लेंग्थ. मागच्या २ लेंग्थ वजा केल्या तर कागदावर ‘ब’ दीड लेंग्थने पुढे यायला हवा. पण इथे थांबून विचारा: ‘अ’ त्या दिवशी पूर्ण ताणून जिंकला होता की लगाम आवरून? लगाम आवरून २ लेंग्थने जिंकलेल्या तीन वर्षांच्या, वाढत्या वयाच्या घोड्याला ६ पौंड कमीच पडतात. सहा वर्षांचा, जॉकीने चाबूक उगारून कसाबसा आणलेला घोडा असेल, तर तेच ६ पौंड त्याला जड जातात. वजनाचं गणित घोड्याच्या वयाशिवाय वाचू नका.

‘अ’वर शिकाऊ जॉकी असेल तर त्याची सूटही ‘अ’च्या वजनातून वजा करा. ब्रिटनमध्ये ती ७, ५ किंवा ३ पौंडांची असते आणि विजय वाढतील तशी कमी होते. वयाची सूट वेगळी. तीन वर्षांच्या घोड्याची वाढ पुरी झालेली नसते म्हणून त्याला कमी वजन देतात, आणि वर्ष सरेल तशी ही सूट घटते. ऑक्टोबरात पॅरिसमधल्या लाँगशाँ रेसकोर्सवर २४०० मीटरची आर्क द ट्रायम्फ ही शर्यत होते, तिथे तीन वर्षांचा घोडा ५६.५ किलो आणि मोठा ५९.५ किलो घेऊन धावतो. मादी घोड्यांना याहून दीड किलो कमी, ही घोडीची सूट.

५. स्टॉल आणि शर्यतीची चाल

या दोन गोष्टी एकत्रच वाचायच्या. चेस्टरचा कोर्स जेमतेम मैलभराचा गोल आहे, सतत डावीकडे वळणारा. तिथे कमी अंतरात आतल्या, म्हणजे लहान क्रमांकाच्या स्टॉलमधून सुटणाऱ्याला मोठा फायदा. पण तोच स्टॉल संथ सुटणाऱ्या घोड्याला मिळाला तर तो आत कोंडला जातो. एप्सममध्ये पाच फर्लांगांची पट्टी उताराची आणि अतिशय वेगवान, तिथे तोल सांभाळणारा घोडा लागतो.

कागदावर एक ओळ आखा. प्रत्येक घोडा सहसा सगळ्यांत पुढे, पुढच्या गटात, मध्ये की मागे धावतो, ते मागच्या तीन शर्यतींच्या वर्णनावरून मांडा. पुढे पळणारा एकच निघाला तर त्याला चाल स्वतः ठरवता येते, म्हणून त्याच्या जिंकण्याची शक्यता वाढवून धरा. असे चार निघाले तर ते एकमेकांना दमवतील आणि मागून येणाऱ्याला संधी मिळेल. सकाळी त्यांतले दोघे माघार घेतात तेव्हा हे चित्र पार उलटतं, आणि बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. माघारींची यादी बघूनच ही ओळ पक्की करा.

६. झापडं, विश्रांती, ट्रेनर

यावर थोडक्यात. पहिल्यांदाच झापडं लावली असतील तर ती लक्ष विचलित होणाऱ्या घोड्याला मदत करतात, तापट घोड्याला भडकवतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा परिणाम बहुधा ओसरतो. जीभ बांधणारी पट्टी श्वास मोकळा राहावा म्हणून असते. शंभराहून जास्त दिवसांनी धावणाऱ्या घोड्यासाठी, त्याच ट्रेनरचे घोडे मोठ्या विश्रांतीनंतर ताजे धावतात का, ते बघा. ट्रेनरच्या गेल्या दोन आठवड्यांच्या निकालांत घोडे सातत्याने अपेक्षेपेक्षा मागे येत असतील तर तबेल्यात आजार असू शकतो.

७. टक्के मांडा

आता उरलेल्यांना जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के द्या, बेरीज शंभर. उदाहरणार्थ ३०, २०, १५, १२, आणि बाकी सहा मिळून २३. हे केल्याशिवाय बाजारातला भाव बघू नका, नाहीतर आपलं मत भावाच्या मागे वाहत जातं. मग तुलना करा. ४/१ चा भाव (एक लावला तर चार नफा) म्हणजे १ भागिले ५, अर्थात २० टक्के. सगळ्या घोड्यांच्या भावांचे टक्के मिळवले तर बेरीज शंभराच्या वर जाते. वरचा भाग बुकमेकरचा, म्हणजे पैजा घेणाऱ्याचा. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा, घोडा साधारण तीनांतली एकच शर्यत जिंकतो, म्हणून कुणालाही ६० टक्के लिहिण्याआधी पेन थांबवा.

८. त्या दिवशी

सकाळी जमिनीची नवी नोंद वाचा. रात्री पाऊस पडून गुडचं सॉफ्ट झालं असेल तर दुसरी पायरी पुन्हा करायची. पहिल्या दोन शर्यती नुसत्या बघा. सरळ पट्टीवर जिंकणारे सगळे एकाच कुंपणालगतून येत असतील तर ती नोंद नंतरच्या शर्यतींत कामाला येते. मात्र दोन शर्यती म्हणजे पुरावा नव्हे, फक्त इशारा.

पॅडॉकमध्ये घोडा शेजारच्या घोड्याशी न ताडता त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या रूपाशी ताडून बघा. तुकतुकीत कातडी, पुठ्ठ्यांवर भरीव स्नायू, मान खाली सोडून लांब, सैल पाऊल, कान हलते. मागच्या पायांमध्ये पांढरा फेस, शेपटी सतत झटकणं, दोन-दोन माणसांनी धरावं लागणं, ही ताकद आधीच खर्ची पडत असल्याची चिन्हं. उष्ण दिवशी मानेवरचा घाम मात्र साधा असतो. जपान आणि हाँगकाँगमध्ये घोड्याचं वजनही जाहीर करतात. मागच्या धावेपेक्षा दहा किलोंहून जास्त फरक दिसला तर कारण शोधा: वाढतं वय, मोठी विश्रांती की आजार.

शर्यत झाल्यावर त्याच संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा: चाल आपण आखली तशी पडली का, आणि कोणत्या हरलेल्या घोड्याकडे पुढच्या वेळी बघायचं. तारीख, अंतर आणि जमीन सोबत हवी. तीन आठवड्यांनी तोच घोडा पुन्हा यादीत दिसेल तेव्हा वहीतलं बरंचसं काम आधीच झालेलं असेल.