शेवाळाने बायोगॅस शुद्ध करताय? या चुका टाळा

सगळ्यात धोक्याची चूक आधी: गॅसची नळी थेट शेवाळाच्या बंद टाकीत किंवा पिशवीत सोडणे. शेवाळ उजेडात जेवढा कार्बन डायऑक्साइड घेतं, जवळपास तेवढाच ऑक्सिजन बाहेर टाकतं. मिथेन आणि ऑक्सिजन एका पिशवीत आले, की एक ठिणगी पुरते. म्हणून गॅस वेगळ्या उभ्या नळकांड्यात धुवायचा आणि शेवाळ २०–३० सेंमी खोल उघड्या तळ्यात वाढवायचं. गॅस धुतं, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, ते सोड्याचं पाणी. शेवाळ त्या पाण्यातला कार्बन काढून ते पुन्हा वापरण्याजोगं करतं.

गॅस नीट शुद्ध होत नसेल तर नळकांड्यात जाणाऱ्या पाण्याचा सामू (pH) मोजा. तो ९ च्या खाली गेला की शोषण मंदावतं. स्पिरुलिना या शेवाळासाठी लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा ही रूढ मात्रा. पण नुसत्या सोड्याने सामू ८.३ च्या आसपासच राहतो. पुढे ९.५ पर्यंत शेवाळच चढवतं, तोवर गॅस सोडू नका. रात्री शेवाळ उलट कार्बन डायऑक्साइड सोडतं, तेव्हा रात्रीचा गॅस फुग्यात साठवून दिवसा धुवा.

सामू रोज थोडा थोडा घसरतोय? तळं लहान पडतंय. रोजच्या १० घनमीटर गॅसमध्ये ४ घनमीटर, म्हणजे सुमारे ७ किलो, कार्बन डायऑक्साइड धरा. एक किलो सुक्या शेवाळाला तो १.८ किलो लागतो, म्हणजे रोज जवळपास ४ किलो शेवाळ तयार व्हायला हवं. चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम उत्पादन धरलं, तर तळं २६० चौरस मीटरच्या घरात जातं. दोन-चार प्लास्टिकच्या टाक्यांचं हे काम नव्हे.

तळं वाढवण्याऐवजी पंपाने नळकांड्यात जास्त पाणी सोडलं की वेगळंच दुखणं. दुपारच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन गॅसमध्ये उतरतो, आणि मिथेन पाण्याबरोबर वाहून जातो. आयएस १६०८७ या भारतीय मानकानुसार बायोमिथेनमध्ये (शुद्ध केलेल्या बायोगॅसमध्ये) ऑक्सिजन ०.५ टक्क्यांपर्यंतच चालतो. एक घनमीटर गॅसला अर्धा ते एक घनमीटर पाणी ठेवा, आणि ते झाकलेल्या निवळण टाकीतून घ्या. अंधारात तिथले जिवाणू ऑक्सिजन संपवतात.

खत म्हणून स्लरी गाळून, थोडी थोडीच घाला. सामू ९.३ झाला की अमोनियातला निम्मा भाग मुक्त, विषारी रूपात येतो, आणि शेवाळ पिवळं पडतं.

गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) जास्त असेल तर नळकांड्याच्या आधी गंजलेल्या लोखंडी किसाची गाळणी बसवा. वापरलेला कीस हवेत तापतो. काढल्यावर ओला ठेवा.