डीफ्रॅग तासन्‌तास अडकतंय?

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र जोडणं. आधी ड्राइव्ह कोणता आहे ते बघा. एसएसडी (फिरते भाग नसलेला, चिपवरचा ड्राइव्ह) असेल तर डीफ्रॅग करायचंच नाही. वेग वाढत नाही, उलट जादा लेखनाने ड्राइव्हची झीज होते. विंडोज त्यावर स्वतःच ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवणं) चालवतं, तेवढं पुरे.

फिरत्या हार्ड डिस्कवर नेहमीचं कारण म्हणजे जागेची टंचाई. फाइलचे तुकडे जोडायला रिकामी जागा लागते. किमान १५ टक्के मोकळी ठेवा. रिसायकल बिन रिकामा करा, डिस्क क्लीनअप चालवा. मग ब्राउझर, टोरंट, क्लाउड सिंक बंद करून पुन्हा सुरू करा, कारण त्यांचं सततचं वाचन-लेखन डीफ्रॅगला मंदावतं.

तरीही आकडा एकाच टक्क्यावर तासभर थिजला आणि डिस्क टकटक आवाज करत असेल, तर डीफ्रॅग थांबवा. खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जात असावा. अशा डिस्कला आणखी राबवणं धोक्याचं, म्हणून पहिलं काम बॅकअपचं. नंतर स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) ‘पेंडिंग’ म्हणजे वाचता न आलेले, संशयित आणि ‘रीअलोकेटेड’ म्हणजे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर तपासा. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदला. आकडे शून्य असतील तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सखाली एरर चेकिंग करून मगच डीफ्रॅगला बसवा, शक्यतो रात्री. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि स्लीप बंद करून.